वास्तुकला परिषदेला खुले पत्र: आमच्या कामाची नोंद ठेवा

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
वास्तुकला परिषद, नवी दिल्ली
तसेच परिषदेवरील महाराष्ट्राच्या प्रतिनिधींस,

स.न.वि.वि.

मी मूळची सांगलीची. २००८ मध्ये बी.आर्क. झाले आणि त्याच वर्षी आपल्या परिषदेकडे माझी नोंदणी झाली. पुढची नऊ वर्षे पुण्यात काम केले. २०१७ पासून मेलबर्नमध्ये राहते. इथल्या राज्य मंडळाच्या यादीत आर्किटेक्ट म्हणून माझे नाव लागायला २०२३ उजाडले. मधल्या सहा वर्षांत माझ्या ईमेलखाली ‘ग्रॅज्युएट ऑफ आर्किटेक्चर’ असे लिहिलेले असायचे. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलामुलींच्या नावाखालीही तेच असते. व्हिक्टोरिया राज्याच्या १९९१ च्या आर्किटेक्ट्स कायद्यानुसार, नोंदणी नसलेल्या माणसाला स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. तो कायदा मला पटतो. आपल्या १९७२ च्या कायद्यातले कलम ३७ हेच सांगते. त्यामुळे हे पत्र ऑस्ट्रेलियाविरुद्धची तक्रार नाही.

हे पत्र आपल्याला लिहिते आहे, कारण त्या सहा वर्षांत माझे जे अडले ते बहुतेक भारतातच अडले. त्यावरचा उपायही भारतातच आहे आणि त्यातला मोठा भाग परिषदेच्या हातातला आहे.

आधी इथली पद्धत थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचे बोलणे सोपे होईल. ऑस्ट्रेलियात परदेशी पदवी तपासण्याचे काम ‘आर्किटेक्ट्स अ‍ॅक्रेडिटेशन कौन्सिल ऑफ ऑस्ट्रेलिया’ ही संस्था करते. आपले पाच वर्षांचे शिक्षण इथल्या शिक्षणाच्या तोडीचे आहे का, हे ती गुणपत्रिका, अभ्यासक्रम आणि विद्यार्थिदशेतले काम पाहून ठरवते. ते जमले की व्यवसाय परीक्षेची वाट मोकळी होते. तिचे तीन टप्पे आहेत. पहिला, किमान ३,३०० तासांच्या कामाची लॉगबुक. दुसरा, लेखी परीक्षा. तिसरा, दोन अनुभवी आर्किटेक्टांसमोर मुलाखत. हे सगळे तोलले जाते ते राष्ट्रीय क्षमता मानकावर. २०२१ मध्ये त्या मानकाची नवी आवृत्ती आली आणि तिच्यात ६० निकष आहेत. एवढे झाल्यावर राज्याच्या मंडळाकडे नोंदणीचा अर्ज करायचा. इथेच शिकलेल्या मुलांनाही लॉगबुक, लेखी आणि मुलाखत चुकत नाही. आम्हा बाहेरच्यांना अडवायला ही चाळण लावलेली नाही.

माझी गाडी पहिल्याच पायरीवर अडली. पाचही वर्षांचा तपशीलवार अभ्यासक्रम विद्यापीठाच्या शिक्क्यासह हवा होता. आमचा ‘२००३ पॅटर्न’ तोवर कधीच बंद झाला होता. २०१९ च्या मे महिन्यात सुट्टीवर आले तेव्हा विद्यापीठात चार दिवस हेलपाटे घातले. (विद्यापीठाचे नाव लिहीत नाही. हा अनुभव एकाच विद्यापीठाचा नाही, हे मला इथल्या कितीतरी जणांनी सांगितले आहे.) गुणपत्रिकांच्या प्रती मिळाल्या. अभ्यासक्रमाची पुस्तिका मात्र कुठल्याच कपाटात सापडली नाही. नवीन पॅटर्न आला की जुने गठ्ठे रद्दीत जातात, असे तिथल्या एका कर्मचाऱ्याने सांगितले, आणि सांगताना त्यांनाही वाईट वाटत होते. शेवटी आम्हाला इमारत बांधकाम शिकवणाऱ्या निवृत्त सरांकडे ती छापील पुस्तिका निघाली. त्यांनी ती खाकी कव्हर घालून जपली होती. तिची झेरॉक्स घेऊन परत विद्यापीठात गेले, शिक्का घेतला. एका शिक्षकाने हौसेने कागद सांभाळला होता म्हणून माझ्या पाच वर्षांच्या शिक्षणाचा पुरावा उरला. सरांनी तो टाकून दिला असता तर पुढे काय झाले असते, याचा विचार आजही करवत नाही.

दुसरी गोष्ट शीटांची. इथे विद्यार्थिदशेतले प्रत्यक्ष काम पाहतात. माझी डिझाइनची शीट, वर्किंग ड्रॉइंग आणि थीसिस सांगलीच्या घरी माळ्यावर पत्र्याच्या लांब डब्यात गुंडाळून ठेवलेले होते. मे महिन्यात ते काढायला वेळ झाला नाही. जुलैत बाबांना फोन करून म्हटले, डबा खाली काढून ठेवा, स्कॅन करायला माणूस पाठवते. बाबांनी तो खाली काढला आणि बैठकीच्या खोलीत दिवाणाशेजारी उभा केला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलापाशी पाण्याने ५७ फुटांची पातळी ओलांडली. आमच्या गल्लीत होड्या फिरल्या. आईबाबा वेळेत मावशीकडे गेले, सुखरूप राहिले, त्यापुढे बाकी काहीच मोठे नाही. पाणी ओसरल्यावर बाबांनी डबा उघडला. आत चिखल आणि लगदा होता. त्या दिवशी त्यांनी मला फोन केला नाही. चार दिवसांनी आईने सांगितले. डबा मी खाली काढला म्हणून, असे बाबा अजूनही म्हणतात आणि मी अजूनही त्यांना तसे म्हणू देत नाही.

पूर कोणाच्या हातात नव्हता. पण त्या डब्याशिवाय माझ्या पाच वर्षांच्या कामाची एकही प्रत जगात कुठे असू नये, हे टाळता आले असते. आपल्याकडे जुरी (परीक्षकांसमोर काम मांडण्याची परीक्षा) झाली, मार्क पडले की शीट विद्यार्थ्याला परत मिळतात, नाहीतर वर्षअखेरीला खोली रिकामी करताना जातात. पुढे माझे निभावले ते कॉलेजच्या लायब्ररीमुळे. तिथे थीसिसच्या अहवालाची बांधलेली प्रत शिल्लक होती. लायब्ररीतल्या मावशींनी अर्धा दिवस शिडीवर चढून ती शोधून दिली. एका मैत्रिणीकडे जुरीच्या दिवशी काढलेल्या फोटोंची सीडी निघाली. एवढ्या सामग्रीवर पोर्टफोलिओ बांधला आणि २०२१ मध्ये पहिली पायरी ओलांडली.

आता तिसरी गोष्ट सांगते. माझ्या मते तीच सगळ्यात मोठी आहे.

पुण्यात मी पहिली चार वर्षे एका ज्येष्ठ आर्किटेक्टांच्या छोट्या ऑफिसात होते. तिथे मला काय शिकायला मिळाले नाही! महापालिकेत प्लॅन दाखल करण्यापासून जोत्याच्या तपासणीपर्यंत आणि भोगवटा प्रमाणपत्रापर्यंत सगळे हातांनी केले. कात्रजच्या एका साइटवर स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी सळ्या मोजल्या. ड्रॉइंगपेक्षा कमी होत्या. ठेकेदार म्हणाला, मॅडम, उद्या सकाळी मिक्सर येतोय. मी २४ वर्षांची होते आणि पाय लटपटत होते. सरांना फोन केला. सर म्हणाले, तू पाहिलंस ना, मग तूच सांग. मी स्लॅब थांबवला. दोन दिवस काम बंद राहिले, मालक चिडले, सर माझ्या पाठीशी उभे राहिले. आर्किटेक्टची जबाबदारी म्हणजे काय ते मला त्या संध्याकाळी कळले.

त्या चार वर्षांचा माझ्याकडे असलेला पुरावा म्हणजे लेटरहेडवरचे एक वाक्य: यांनी आमच्याकडे अमुक ते अमुक काळात काम केले, त्यांची वर्तणूक समाधानकारक होती. सरांनी ते मनापासून लिहून दिले होते, तेव्हा सगळे तसेच देत. कोणत्या प्रकल्पावर, कोणत्या टप्प्यावर, किती तास, कोणाच्या देखरेखीखाली, यातले काहीच त्यात नव्हते, कारण तसे लिहायचे असते हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हते. मला त्याची गरज पडली तेव्हा सर हयात नव्हते. ऑफिस बंद झाले होते. तपशिलाखाली सही कोण करणार?

म्हणून ३,३०० तास मी इथे पुन्हा पहिल्यापासून भरले. हाताखाली माणसे सांभाळलेली बाई चौतिसाव्या वर्षी शिकाऊ म्हणून तास मोजू लागली. त्याची मला लाज वाटत नाही. इथली लाकडी चौकटीची घरे, वणव्याच्या धोक्यानुसार बदलणारे नियम, इथले कंत्राट कायदे हे शिकायलाच हवे होते. पण मुलाखतीत ठेकेदाराशी वाद झाल्याचा प्रसंग विचारला तेव्हा मी कात्रजचा स्लॅबच सांगितला. समोरच्या दोघांनी त्यावर बराच वेळ प्रश्न विचारले. त्यातला एक जण म्हणाला, हे तुमच्या लॉगबुकात का नाही? त्याने ते कुतूहलाने विचारले होते. माझ्याकडे उत्तर नव्हते.

परिषदेच्या सदस्यांनो, ते उत्तर मी आपल्याकडे मागते आहे.

दोन देश एकमेकांच्या आर्किटेक्टांना मान्यता देतात तेव्हा काय पाहतात, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. शिक्षण, देखरेखीखालचा अनुभव आणि शेवटी परीक्षा, या तीन गोष्टी दोन्हीकडे जुळतात का, ते पाहतात. आंतरराष्ट्रीय वास्तुविशारद संघाने १९९९ मध्ये बीजिंगला व्यावसायिकतेचा जो मसुदा स्वीकारला त्यातही हीच चौकट आहे: किमान पाच वर्षांचे शिक्षण, किमान दोन वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव, आणि त्यानंतर क्षमतेची पारख. ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात २०२३ च्या एप्रिलमध्ये परस्पर मान्यतेचा करार लागू झाला, तो याच पायावर. ब्रिटनमधले शिक्षण, अनुभव आणि परीक्षेचे ‘भाग एक, दोन, तीन’ हे टप्पे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला अमेरिकेची मान्य पदवी, ३,७४० तासांचा अनुभव आणि सहा विभागांची परीक्षा.

आपल्याकडे यातली पहिली गोष्ट भक्कम आहे. पाच वर्षांचे बी.आर्क. कुठेही मान खाली घालायला लावणारे नाही. अनुभव मात्र पदवीच्या आतल्या ऑफिस ट्रेनिंगपुरता, आणि पदवीनंतर परीक्षा नाही. कायद्याच्या कलम २५ नुसार मान्य पदवी हीच नोंदणीची पात्रता आहे. निकाल लागला, अर्ज केला, फी भरली, नोंदणी क्रमांक आला. २००८ मध्ये माझ्या हातात तो क्रमांक आला तेव्हा मी पेढे वाटले होते. समोर बसलेल्या परदेशी मंडळाला त्या क्रमांकावरून एवढेच कळते की मी पदवी मिळवली आहे. ते तर पदवीवरूनही कळतेच. एका देशाची नोंदणी दुसऱ्या देशाने मानायची तर त्या नोंदणीत पदवीपेक्षा जास्त काही असावे लागते.

याचे परिणाम दूरवर जातात. मी ऑस्ट्रेलियात इथली परीक्षा देऊन नोंदणी मिळवली; नुसत्या भारतातल्या नोंदणीवर ती मिळाली असती, तर पुढे तिचा उपयोग झाला नसता. अमेरिकेने ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडशी २०१७ पासून जो करार लागू केला त्यात एक अट होती, की मूळ नोंदणी दुसऱ्या देशातल्या नोंदणीच्या आधारे मिळालेली नसावी. असे करार घरच्याच वाटेने आलेल्या माणसांसाठी लिहिलेले असतात. दुसऱ्याच्या अंगणातून जाऊन पुढचे दार उघडत नाही. आपल्या देशाने स्वतः हात पुढे केला तरच आपल्या माणसांसाठी दार उघडेल.

तो हात पुढे करण्याची कल्पना आपल्या कायद्याला नवीन नाही. कलम १५ मध्ये परदेशी पदव्यांच्या संदर्भात परस्पर मान्यतेच्या योजनेचा उल्लेख १९७२ पासून आहे. सिंगापूरशी २००५ मध्ये झालेल्या सर्वंकष आर्थिक करारात परस्पर मान्यतेसाठी जे पाच व्यवसाय नाव घेऊन लिहिले गेले त्यात लेखापाल, डॉक्टर, दंतवैद्य आणि परिचारिका यांच्या जोडीला आर्किटेक्टही होते, आणि बारा महिन्यांची मुदत धरली होती. परिचारिकांचा करार २०१८ मध्ये झाला. त्यालाही १३ वर्षे लागली. पण कुणीतरी तो तडीस नेला, आणि त्यामुळे आपल्याकडच्या मुलींना तिकडे काम करताना आधार मिळाला. आर्किटेक्टांच्या बोलणीचे काय झाले, कोणत्या मुद्द्यावर अडले, हे परिषदेने जाहीर करावे. गोपनीय काही मागत नाही. शेवटची बैठक कधी झाली आणि समोरच्यांचा आक्षेप काय होता, एवढे सांगितले तरी सगळ्या देशातल्या आर्किटेक्टांना विचार करायला दिशा मिळेल.

अभियंत्यांकडे पाहा. अभियांत्रिकीचे शिक्षण एकमेकांच्या देशांत मानण्याच्या वॉशिंग्टन करारात भारत २०१४ मध्ये पूर्ण सदस्य झाला. माझा धाकटा भाऊ मूल्यांकन मिळालेल्या अभ्यासक्रमातून अभियंता झाला. इथे आल्यावर त्याच्या पदवीची तपासणी कितीतरी सोपी झाली. आर्किटेक्चरच्या शिक्षणासाठी तसाच कॅनबेरा करार आहे. २००८ मध्ये कॅनडा, चीन, दक्षिण कोरिया, मेक्सिको, अमेरिका अशा देशांच्या मूल्यांकन संस्थांनी त्यावर सह्या केल्या. आपली परिषद त्यात नव्हती. एकाच घरातल्या भावाबहिणीत त्याला काही महिने आणि मला सहा वर्षे लागली. त्या फरकाचे सगळे कारण हा करार नाही, पण मोठे कारण तेच आहे असे मला वाटते.

ऑस्ट्रेलिया आणि भारत यांच्यात मार्च २०२३ मध्ये पदव्यांच्या परस्पर मान्यतेची यंत्रणा ठरली तेव्हा सांगली-कोल्हापूरच्या कितीतरी पालकांनी मला आनंदाने फोन केले, आता मुलीचे काम सोपे होईल ना म्हणून. त्यांना सांगताना जड गेले. ती यंत्रणा पुढच्या शिक्षणासाठी आणि सर्वसाधारण नोकरीसाठी उपयोगी आहे, पण ज्या व्यवसायांना नोंदणी लागते त्यांची नोंदणी तिच्या कक्षेबाहेर आहे. ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये सर्वंकष आर्थिक आणि व्यापार करारावर सह्या झाल्या. अशा करारांत व्यावसायिक संस्थांनी आपसांत बोलावे, असे प्रोत्साहन असते. पण दोन सरकारे दार दाखवतात, आत जाऊन बोलायचे असते ते दोन परिषदांनी. तिथे बोलायला जाताना आपल्या हातात काय असेल?

म्हणून माझी पहिली मागणी कराराची नाही, वहीची आहे.

परिषदेने एक राष्ट्रीय लॉगबुक काढावे. ऐच्छिक असू द्या. मोबाइलवर भरता येईल असे असू द्या, मराठीत आणि इतर भाषांत सूचना असू द्या, कारण कोपरगाव आणि परभणीच्या ऑफिसातही मुले काम शिकतात. प्रकल्पाचा प्रकार, टप्पा, स्वतः केलेले काम, तास, आणि दर तीन महिन्यांनी देखरेख करणाऱ्या नोंदणीकृत आर्किटेक्टची डिजिटल सही, त्याच्या नोंदणी क्रमांकासह. सही एकदा झाली की ती परिषदेच्या सर्व्हरवर कायम राहील. उद्या ऑफिस बंद झाले, सर गेले, पूर आला, तरी माझे चार वर्षांचे काम पुसले जाणार नाही. यासाठी संसदेत जावे लागत नाही. पुण्यात बालेवाडीला परिषदेचे प्रशिक्षण आणि संशोधन केंद्र आहे. तिथून एका वर्षात याचा नमुना तयार होऊ शकतो. त्यासाठी इथे नोंदणी झालेले आमच्यासारखे लोक आपला वेळ विनामूल्य द्यायला तयार आहेत, मी आजच माझे नाव देते.

त्याबरोबरच, परिषदेची मान्यता असलेल्या प्रत्येक अभ्यासक्रमाचा प्रत्येक पॅटर्न, अगदी सुरुवातीपासूनचा, स्कॅन करून परिषदेकडे ठेवावा. मान्यता देताना तो आपल्याकडे आलेला असतोच. कोणत्याही माजी विद्यार्थ्याला तो प्रमाणित स्वरूपात मागता यावा. आणि कॉलेजांच्या तपासणीत एक रकाना वाढवावा: शेवटच्या दोन वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या कामाची डिजिटल प्रत कॉलेज किमान पंधरा वर्षे जपते का? हार्ड डिस्कची किंमत एका मॉडेल बनवण्याच्या सामानापेक्षा जास्त नसते.

पुढची मागणी अवघड आहे आणि तिच्यावर माझ्या अनेक मित्रमैत्रिणींचा राग ओढवेल. पदवी आणि पूर्ण नोंदणी यांच्यामध्ये दोन वर्षांचा देखरेखीखालचा अनुभव आणि एक व्यवसाय परीक्षा असावी, असे मला वाटते. तोवर तात्पुरती नोंदणी द्यावी. यासाठी कायदा बदलावा लागेल, वेळ लागेल, ठाऊक आहे.

यावरचा आक्षेप मी स्वतःच पुढे मांडते, कारण तो खरा आहे. आधीच पाच वर्षांची फी भरून घर मेटाकुटीला आलेले असते. त्यात आणखी दोन वर्षे ‘तात्पुरते’. मुलींच्या घरी तर पदवीनंतरचे प्रत्येक वर्ष भांडून मिळवावे लागते, मी ते केले आहे. आणि अनुभव सक्तीचा झाला की काही ऑफिसे मुलांना फुकट राबवतील. आजही आठ हजारांवर रात्री दोनपर्यंत बसवून ठेवणारी ऑफिसे आहेत. हे सगळे मान्य करूनच म्हणते, की मग त्या दोन वर्षांचे किमान वेतन परिषदेने ठरवावे, आणि विनावेतन तासांवरची सही ग्राह्य धरू नये. लॉगबुक असेल तर हे तपासताही येईल. आज त्या मुलांचे तास कुठेच लिहिलेले नाहीत, म्हणून त्यांच्या पिळवणुकीचाही पुरावा नाही.

शिवाय हे फक्त विमानात बसणाऱ्यांसाठी नाही. सर्वोच्च न्यायालयाने १७ मार्च २०२० च्या निकालात स्पष्ट केले की कलम ३७ ‘आर्किटेक्ट’ या बिरुदाचे रक्षण करते, कामाचे नाही. आराखडे दुसरेही कुणी करू शकते. म्हणजे आपल्याकडे उरले आहे ते बिरुद. जतच्या किंवा इस्लामपूरच्या एखाद्या कुटुंबाने आयुष्यभराची पुंजी घरात घालताना ते बिरुद पाहून दार ठोठावले, तर समोरच्या माणसाने निदान एकदा तरी कुणाच्या देखरेखीखाली सळ्या मोजलेल्या असाव्यात. मी चोविसाव्या वर्षी स्लॅब थांबवला तेव्हा मागे सर होते. माझ्या वर्गातल्या काही जणांनी निकालानंतर तिसऱ्याच महिन्यात स्वतःची पाटी लावली होती. त्यांच्या मागे कोणी नव्हते.

आपल्या आर्किटेक्टांच्या गुणवत्तेबद्दल जगाला शंका नाही. पुण्यात जन्मलेले, मुंबईच्या जे.जे.मध्ये शिकलेले बाळकृष्ण दोशी यांना २०१८ मध्ये वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा प्रिट्झकर पुरस्कार मिळाला (पुढे ब्रिटनच्या आर्किटेक्टांच्या संस्थेचे सुवर्णपदकही), तेव्हा माझ्या इथल्या ऑफिसातल्या लोकांनी येऊन माझे अभिनंदन केले होते. मला अभिमान वाटला. त्याच आठवड्यात मी एका पत्रावर सही करू शकले नव्हते, कारण त्यावर आर्किटेक्टची सही लागत होती. दोशींना कोणी लॉगबुक मागितले नसते. पण आम्ही दोशी नाही. आम्ही रोज वर्किंग ड्रॉइंग काढणारी, साइटवर धूळ खाणारी साधी माणसे आहोत, आणि आमची ओळख कागदावरूनच पटते.

परिषदेच्या कायद्यात प्रत्येक राज्याने आपला एक आर्किटेक्ट नेमायची तरतूद आहे. महाराष्ट्राच्या प्रतिनिधींना म्हणूनच वेगळे संबोधून लिहिले. आर्किटेक्चरचे देशातले सर्वात जुने कॉलेज आपल्या राज्यात आहे, आर्किटेक्टांची संस्था १९१७ मध्ये मुंबईतच उभी राहिली. लॉगबुकचा विषय पुढच्या बैठकीत आपण मांडावा, अशी विनंती आहे.

आमच्या ऑफिसात नाशिकची एक मुलगी गेल्या वर्षी रुजू झाली. हुशार आहे, दगडी बांधकामातले तिला माझ्यापेक्षा जास्त कळते. आता मी नोंदणीकृत आहे, म्हणून तिच्या लॉगबुकावर सही माझी असते. दर शुक्रवारी संध्याकाळी ती वही माझ्या टेबलावर ठेवते. इथले रकाने नीट भरलेले असतात. त्याआधी तिने पुण्यात तीन वर्षे काम केले आहे, एका जुन्या वाड्याच्या दुरुस्तीवर दीड वर्ष ती रोज उभी होती. त्या तीन वर्षांच्या पानांवर तिने फक्त सालांचे आकडे लिहून ठेवले आहेत, कारण त्यापुढे काय लिहायचे आणि त्याखाली सही कोणाची आणायची, हे तिला अजून ठरवता आलेले नाही.

कळावे,

आपली नम्र,
परिषदेकडे २००८ पासून नोंदणी असलेली एक आर्किटेक्ट
मूळ सांगली, सध्या मेलबर्न